ते दुसरे

रात्रीचा दीड वाजला होता आणि आम्ही चौघं चार पडद्यांसमोर डोळे मिटून बसलो होतो. मी, ताई, ताईची मुलगी आणि इंग्लंडात राहणारा आमचा मामेभाऊ, म्हणजे दादा. त्याच्याकडे रात्रीचे आठच वाजले होते, त्यामुळे त्याच्या बाजूनं कुणीतरी कपाटात भांडी लावत असल्याचा आवाज मधूनमधून येत होता. अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंच गेल्याची बातमी १६ जानेवारी २०२५ ची. २० तारखेला त्याला ७९ वर्षं पूर्ण झाली असती. म्हणून त्या दिवशी लॉस एंजेलिसच्या घड्याळात दुपारचे बारा वाजले की जगात जो जिथे असेल त्यानं तिथेच दहा मिनिटं ध्यानाला बसावं, असं त्याच्या घरच्यांनी कळवलं होतं. लिंच आयुष्यभर ध्यान करत आला. आमच्यात त्याचा गंध कुणालाच नाही. तिसऱ्या मिनिटाला ताईला डुलकी लागली, हे तिच्या श्वासावरून कळलं. माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि मिटल्या डोळ्यांपुढे लिंचचा चेहरा यायच्या ऐवजी त्याच्या 'ट्विन पीक्स' या टीव्ही मालिकेच्या सुरुवातीचं ते करवतीला धार लावायचं यंत्र येत होतं. दात्यांवरून घसरत जाणारी धार, उडणाऱ्या ठिणग्या आणि त्यावर ते संथ, ओलसर संगीत.

दहा मिनिटं झाली. आधी कुणी बोलायचं हे कुणाला कळेना. शेवटी दादा खाकरला. ताई जागी होऊन "छान वाटलं" म्हणाली. आणि मग भाचीनं विचारलं,

"आणि ते दुसरे?"

"कोण दुसरे?"

"मार्क फ्रॉस्ट. दोघांनी मिळून केलं ना ते सगळं? ते आहेत ना अजून? त्यांना कुणी काही म्हटलंय का?"

"झोपा आता," दादा म्हणाला. "तुमच्याकडे उशीर झालाय."

झोप कसली येते.

भाची बावीस वर्षांची आहे. तिनं ट्विन पीक्स गेल्या वर्षी पाहिलं, कानात हेडफोन घालून, सलग, सुरुवातीच्या नावांपासून शेवटच्या नावांपर्यंत. मी तिच्या किती तरी वर्षं आधी पाहिलंय. त्यातल्या लोकांच्या लकबी मला पाठ आहेत, त्या गावाच्या पाटीवरचा लोकसंख्येचा आकडा, ५१,२०१, मला झोपेत विचारला तरी सांगता येतो. आणि तरीही त्या रात्री पंख्याकडे बघत पडल्यावर मार्क फ्रॉस्ट हा माणूस दिसतो कसा, हे मला आठवेना. लिंचचे ते उभे पांढरे केस, गळ्यापर्यंत बंद केलेलं शर्टाचं बटण, कर्णा लावल्यासारखं बोलणं, सिगारेट धरायची पद्धत, हे सगळं एखाद्या काकाचं असावं तसं ओळखीचं. फ्रॉस्टच्या जागी नुसतं एक आडनाव. तेसुद्धा 'आणि'नंतर येणारं.

भाचीच्या प्रश्नात मला आणखी एक गोष्ट टोचली होती, ती सकाळी लक्षात आली. ती 'ते दुसरे' म्हणाली. लिंचला मात्र तीसुद्धा 'तो' म्हणते. आम्ही सगळेच म्हणतो. 'त्यानं तो लाल पडद्यांचा प्रसंग कसा सुचवला असेल', 'त्याला गोष्ट संपवायचीच नव्हती', 'तो गेला'. मराठीत एकेरीवर येणं म्हणजे एक तर भांडण, नाही तर जीव. विठ्ठलापासून क्रिकेटपटूपर्यंत ज्यांच्यावर आपला जीव जडतो त्यांच्याशी आपण एकेरीतच असतो, मग ती माणसं वयानं कितीही मोठी असोत. अहो-जाहो उरतं ते बँकेतल्या साहेबांना, डॉक्टरांना आणि दाराची बेल वाजवून पत्ता विचारणाऱ्या अनोळखी गृहस्थांना. गंमत अशी की रीतसर आभार मानायचे तर ते अहो-जाहोतच सुचतात. एकेरीतल्या माणसाचे आभार मानायला गेलं की जीभ अडखळते. म्हणजे ज्याच्यावर प्रेम आहे त्याचे मानता येत नाहीत, आणि ज्याचे सहज मानता येतील त्याची आठवणच होत नाही.

आमचं लिंचशी जमलेलं हे एकेरी नातं दादाच्या कॅसेटींतून आलं. दादा तेव्हा इंग्लंडात शिकत होता. बीबीसी टूवर ट्विन पीक्स १९९० च्या ऑक्टोबरात सुरू झालं आणि तो ते टेप करायला लागला. येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्या माणसांबरोबर पार्सल यायचं. कॅसेटी लोकरी मोज्यांत घातलेल्या असायच्या, आणि त्या मोज्यांचा व प्लास्टिकचा मिळून एक वास यायचा. अजूनही नवं लोकरीचं काही नाकाशी आलं की मला घनदाट जंगल, ओलं लाकूड आणि काहीतरी भयंकर घडणार असल्याची चाहूल लागते. कॅसेटीच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं, 'लिंच १', 'लिंच २', 'लिंच ३'. मालिकेचं नावसुद्धा नाही. दादानं लिंचचे सिनेमे पाहिले होते, त्याला त्याचं अप्रूप होतं, म्हणून लिंच. आम्हाला वाटायचं, मालिकेचंच नाव लिंच आहे. आई तर बरेच दिवस त्या सूट घातलेल्या देखण्या तपास अधिकाऱ्यालाच लिंच समजायची. 'तुमचा तो लिंच कॉफी फार पितो' म्हणायची. हे वाक्य खऱ्या लिंचलाही तंतोतंत लागू होतं, हे आम्हाला खूप नंतर कळलं.

आणि दादा नावं कापायचा. टेपची त्याला फार काळजी. सुरुवातीचं शीर्षकगीत त्यानं फक्त पहिल्या कॅसेटवर ठेवलं होतं, पुढे सगळीकडे थेट गोष्टच सुरू. शेवटी लॉराचा, म्हणजे जिच्या खुनाभोवती सगळी गोष्ट फिरते त्या मुलीचा, फोटो आला आणि त्यावर नावं सरकायला लागली की खट्कन बंद. त्या एका कॅसेटवर जी सुरुवातीची नावं होती तीही आम्हाला कधी वाचता आली नाहीत. हिरव्या कडांची ती अक्षरं टेपवर अशी विरघळायची की पाण्याखालचं शेवाळ बघतोय असं वाटायचं. तेव्हा आमच्या लेखी ही मालिका कुणी लिहिली, कुणी संगीत दिलं, कुणी खुर्च्या-टेबलं मांडली, या सगळ्याचं उत्तर पेन्सिलीतलं ते एकच नाव होतं.

बातमी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकमधल्या बॉब्ज बिग बॉय या हॉटेलाचे फोटो यायला लागले. लिंच तिथे कित्येक वर्षं रोज दुपारी अडीचच्या सुमाराला जाऊन चॉकलेट मिल्कशेक आणि कॉफी घेत बसायचा. दाराशी चौकड्यांच्या चड्डीतला, हातावर बर्गर पेलणारा एका गुबगुबीत मुलाचा पुतळा आहे. त्या पुतळ्याच्या पायाशी लोकांनी फुलं, मेणबत्त्या, कागदी पेल्यांतली कॉफी, डोनट, सिगारेटची पाकिटं, लाकडाचे ओंडके असं काय काय आणून ठेवलं होतं. मी ते फोटो मोठे करकरून पाहिले. काही पेले भरलेले होते. कुणीतरी ती कॉफी विकत घेतली, हात भाजत तिथवर आणली, जमिनीवर ठेवली आणि निघून गेलं. मला ते फार पटलं. कारण चिठ्ठी लिहायची म्हटलं की मायना आला, 'आपला' आलं, आणि मधे काय लिहायचं तो सगळा घोळ आला. कॉफीच्या पेल्याला मायना लागत नाही.

पण पुतळ्यापाशी माणूस मेल्यावरच जाता येतं, ही त्यातली अडचण. जिवंत माणसाच्या नावानं रस्त्यावर कॉफी ठेवली तर लोक वेड्यात काढतील.

त्या आठवड्यात मी फ्रॉस्टचा पिच्छा पुरवला. रोज रात्री थोडं थोडं वाचायचं आणि भाचीला सांगायचं, असा खेळच झाला. फ्रॉस्ट टीव्हीतला मुरलेला माणूस. 'हिल स्ट्रीट ब्लूज' या पोलीस मालिकेचा तो लेखक होता. अनेक माणसांच्या गोष्टी आठवड्यामागून आठवडे एकमेकींत गुंतवत न्यायच्या कशा, हे कसब त्याच्या हातात. लिंचकडे स्वप्नं होती. दोघं कॉफीच्या दुकानात बसलेले असताना तळ्याकाठी वाहून आलेल्या प्रेताची प्रतिमा सुचली, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. मला आवडला तो त्यापुढचा तपशील. त्यांनी आधी गावाचा नकाशा काढला. लाकूडकारखाना कुठे, तळं कुठे, हॉटेल कुठे, दोन डोंगर कुठे. एबीसी वाहिनीच्या लोकांना ते भेटायला गेले तेही हा नकाशा घेऊन. लिहिताना कीबोर्डवर बसायचा तो फ्रॉस्ट. आणि मूळच्या तीस भागांपैकी लिंचनं दिग्दर्शित केले ते फक्त सहा. सहाच! मला वाटत होतं, निदान निम्मे तरी असतील.

मी म्हटलं, म्हणजे आपण पाहिलं त्यातलं बरंचसं त्याचं नव्हतंच. भाची म्हणाली, "असं कसं नव्हतं, मावशी? त्याचंही होतं." बावीस वर्षांच्या मुली असं एखाद्या 'ही'वर सगळं निभावून नेतात.

मग १९९१ च्या पत्रांची गोष्ट. ती मला अर्धवट माहीत होती, पूर्ण वाचल्यावर मी थोडी ओशाळले. पहिला भाग अमेरिकेत ८ एप्रिल १९९० ला दाखवला गेला तेव्हा सुमारे साडेतीन कोटी लोकांनी पाहिला. पुढच्या हिवाळ्यापर्यंत, शनिवारी रात्रीच्या आडवेळेला टाकलेली मालिका बघायला फार कुणी उरलं नव्हतं, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये वाहिनीनं ती थांबवली. तेव्हा चाहत्यांनी एक संघटनाच काढली. नाव 'सिटिझन्स अपोझिंग द ऑफिंग ऑफ पीक्स', म्हणजे पीक्सचा काटा काढायला विरोध करणारे नागरिक. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की होतं 'कूप', आपल्या तपास अधिकाऱ्याचं, कूपरचं, लाडकं नाव. हजारो पत्रं वाहिनीच्या दारात पडली. लिंचनं स्वतः डेव्हिड लेटरमनच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात जाऊन लोकांना 'वाहिनीच्या साहेबांना लिहा' म्हणून सांगितलं. मार्चच्या अखेरीस मालिका परत आली, १० जूनला कायमची संपली.

मी त्या पत्रांचा विचार करत राहिले. त्यांत आभार असतीलच. पण आभाराच्या पाकिटातच मागणी होती. 'तुम्ही आम्हाला इतकं दिलंत, तेव्हा आणखी द्या.' आणि त्याआधी कित्येक महिने हेच लोक, म्हणजे आम्हीच म्हणू या, एकच प्रश्न विचारत होतो: लॉराला मारलं कुणी? लिंचला त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं. त्याला ते रहस्य ठेवूनच द्यायचं होतं, त्याभोवती गाव फिरत राहावं म्हणून. वाहिनीचा रेटा वाढला, नोव्हेंबर १९९० मध्ये उत्तर दिलं गेलं, आणि लोक उत्तर ऐकून उठून गेले. लिंचच्या मते मालिका मेली ती तिथेच. ज्या प्रश्नानं आम्ही तिच्यावर प्रेम केलं त्याच प्रश्नानं आम्ही तिचा गळा दाबला. पत्रं लिहिणारे आणि उठून जाणारे वेगवेगळे होते, असं मानून मनाची समजूत घालता येते. मी कॅसेटवर पाहत होते, मला विचारणारं कुणी नव्हतं. पण विचारलं असतं तर मीही ओरडले असते, सांगा ना एकदाचं.

आणि इथे मला फ्रॉस्ट नीट भेटला. उत्तर द्यायचं की नाही यावरून त्या दोघांत ताण होता. फ्रॉस्टचं म्हणणं असं, की प्रेक्षकांना काहीतरी उलगडा करून देणं आपण लागतो. ते आपलं कर्तव्यच आहे. नंतर मागे वळून बघताना लोक लिंचच्या बाजूनं बोलतात, मीही बोलले आहे, फार ऐटीत बोलले आहे. रहस्य हे रहस्यच राहायला हवं होतं, वगैरे. कलेच्या दृष्टीनं बरोबरही असेल ते. पण त्या रात्री मला भाचीला फोन करावासा वाटला.

दोघांतल्या ज्याला आपण प्रेक्षकांचं देणं लागतो असं वाटलं, त्याचंच आम्ही काही लागत नाही!

टीव्हीवर काम करणाऱ्यांची तऱ्हाच वेगळी. नाटकातल्या माणसाला टाळी तिथल्या तिथे मिळते. पडद्यामागे उभा असलेला लेखकही ती ऐकतो, हशा नेमका कुठे पिकला ते त्याला कळतं. मराठीत टीव्हीसाठी आपण 'प्रक्षेपण' म्हणतो, म्हणजे फेकणं. फेकलं, ते कुठे जाऊन पडलं, कुणाला लागलं, याचा पत्ता नाही. आमच्या घरात येऊन पडलेलं तर लोकरी मोज्यांतून आलं होतं. म्हणून मला आता वाटतं की चाहत्यांच्या पत्रांना आभारपत्रं म्हणण्यापेक्षा पोचपावत्या म्हणावं. पोस्टातली ती लहानशी सही. 'आपण टाकलेलं अमुक दिवशी आमच्याकडे पोचलं. फुटलं होतं थोडं, पण पोचलं.'

पोचपावत्या पुन्हा भलत्याच माणसाकडे जातात. शेरिल ली ही सिएटलची नाटकात काम करणारी मुलगी. तिला घेतलं होतं ते फक्त प्रेत व्हायला. थंड पाण्याच्या काठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडायचं आणि फोटोत हसायचं, एवढंच काम. लिंचला ती इतकी आवडली की तिच्यासाठी लॉराची एक नात्यातली बहीण निर्माण झाली, आणि मालिकेवरच्या १९९२ च्या सिनेमात तर लॉराचे शेवटचे दिवस तिनंच जगून दाखवले. समीक्षकांनी त्या सिनेमाला झोडपलं. पण घरातल्याच माणसाकडून अत्याचार सोसलेल्या कित्येक जणी तिला गाठून सांगायच्या, की हा सिनेमा केलात हे बरं झालं. शेरिल लीनं हे मुलाखतींत सांगितलंय. मी विचार करते, अशा वेळी तिनं काय म्हटलं असेल? लिहिणारा दुसरा, दाखवणारा दुसरा, आणि बाई येऊन हात धरते तो हिचा, कारण चेहरा हिचा होता. तिनं तो हात सोडवून 'अहो, हे श्रेय माझ्या एकटीचं नाही' असं म्हटलं नसणार. काही आभार दुसऱ्याच्या वतीनं मुकाट घ्यावे लागतात.

फ्रँक सिल्वाची गोष्ट याच्या उलट. तो सेटवर सामानसुमान लावणारा माणूस. लॉराच्या खोलीत फर्निचर हलवत होता, लिंचच्या मनात त्याच्याबद्दल काहीतरी चमकलं. पुढे एका दृश्यात चुकून आरशात त्याचं प्रतिबिंब आलं, आणि त्या चुकीतून टीव्हीवरचं सगळ्यात भीतिदायक पात्र जन्माला आलं. मी लहानपणी त्याच्यामुळे पलंगाच्या पायथ्याकडे बघायची बंद झाले होते. ज्याच्यामुळे आपण इतके घाबरलो त्याचे आभार मानतात का? मानायला हवेत. १९९५ मध्येच तो गेला.

काही चाहत्यांनी मात्र हे काम फार चिकाटीनं केलं. १९९२ ते २००५ या काळात फक्त या मालिकेला वाहिलेलं एक द्वैमासिक निघत होतं, 'रॅप्ड इन प्लास्टिक' नावाचं. पंचाहत्तर अंक. मालिका संपल्यावर तेरा वर्षं माणसं तीस भागांवर लिहीत होती, लेखकांना, नटांना, तंत्रज्ञांना शोधून काढून मुलाखती घेत होती. दादानं कापलेली नावं कुणीतरी एकेक करून पुन्हा चिकटवत होतं म्हणा ना. वॉशिंग्टन राज्यात स्नोक्वाल्मी आणि नॉर्थ बेंड या गावांत जिथे चित्रीकरण झालं तिथे नव्वदच्या दशकापासून चाहत्यांचे मेळावे भरत आलेत. लोक धबधब्यासमोर उभे राहतात, त्या उपाहारगृहात जाऊन चेरी पाय मागवतात, जिथे गावाची पाटी उभी होती तिथल्या वळणावर फोटो काढतात. आपण धबधब्याचे आभार मानायला आलोय हे त्यांच्यापैकी कुणी कबूल करणार नाही. पण दुसरं काय करत असतात ते?

२०१५ मधला प्रसंग मी तेव्हा टाळ्या वाजवत पाहिला होता. मालिका पंचवीस वर्षांनी परत यायचं ठरलं होतं, आणि एप्रिलमध्ये पैशांवरून बिनसल्यामुळे लिंचनं आपण दिग्दर्शन करणार नाही असं जाहीर केलं. तेव्हा नटमंडळींनी एक छोटी चित्रफीत केली. प्रत्येकजण येऊन म्हणतो, लिंचशिवाय ट्विन पीक्स म्हणजे अमक्याशिवाय तमकं. चाहत्यांनी ती उचलून धरली, मे महिन्यात लिंच परतला, आम्ही धन्य झालो. आता आठवलं की वाटतं, त्या वेळी संहिता लिहून तयार होती आणि त्यावर नावं दोघांची होती. 'फ्रॉस्टशिवाय' असं कुणी एक वाक्य म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? अर्थात हे मी आज म्हणतेय. तेव्हा मीही ताईला फोन करून माझं एक वाक्य ऐकवलं होतं, लिंचशिवाय ट्विन पीक्स म्हणजे मोज्यांशिवाय कॅसेट.

गेल्या महिन्यात भाची राहायला आली, तेव्हा आम्ही २०१७ चे अठरा भाग पुन्हा लावले. तिची एक अट होती, नावं संपेपर्यंत उठायचं नाही. चहा ठेवायलासुद्धा नाही. दादाच्या तालमीत वाढलेल्या मला हे फार जड गेलं. नावं सुरू झाली की माझा अंगठा आपोआप बटणाकडे जातो. पण बसले. आणि तिथे, नावांच्या आधी किंवा शेवटी, गेलेल्यांच्या नावानं ओळी होत्या. ओंडका छातीशी धरून फिरणारी ती बाई, कॅथरीन कूल्सन. कर्करोगानं ती सप्टेंबर २०१५ मध्ये गेली, आणि जायच्या काही दिवस आधी तिनं आपले प्रसंग करून दिले. तिच्या पात्राचा निरोप ज्या भागात आहे तो भाग कूल्सनच्या नव्हे, मार्गारेट लँटरमनच्या स्मृतीला वाहिलाय. म्हणजे पात्राच्या. आणि सातव्या भागात वॉरन फ्रॉस्टचं नाव. गावातला तो मायाळू डॉक्टर. त्या भागात तो संगणकाच्या पडद्यावरून दोन शब्द बोलतो आणि जातो. खरोखरच २०१७ च्या फेब्रुवारीत, मालिका दिसायच्या आधी, ते गेले होते.

"हे मार्क फ्रॉस्टचे वडील," भाची म्हणाली.

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो डॉक्टर मला आवडत होता, आणि तो या माणसाचा बाप आहे हे मला माहीत नव्हतं. मुलानं लिहिलेल्या ओळी बाप म्हणत होता. 'फ्रॉस्ट' हे आडनाव शेवाळासारख्या अक्षरांत माझ्या डोळ्यांसमोरून दोन-दोनदा गेलं असणार.

मग पत्राचं ठरलं. भाची म्हणाली, तू मराठीत लिही, मी इंग्रजी करते. मी बसले. मायन्याला 'आदरणीय' लिहिलं, खोडलं. शाळेतल्या पत्रलेखनाचा वास आला. 'आपले आभार कोणत्या शब्दांत मानावे हे कळत नाही' असं लिहिलं, आणि हे वाक्य मी आजवर किती समारंभांत ऐकलंय ते आठवून तेही खोडलं. मग सगळ्यांच्या पत्रांत होतं तेच झालं. तिसऱ्या ओळीला मी स्वतःबद्दल लिहायला लागले. आमचं घर, मोजे, आईचं 'तुमचा तो लिंच'. आधी लाज वाटली, एवढ्या मोठ्या माणसाला आपण आपलंच काय सांगतोय. पण पोचपावतीवर सही आपलीच असते, पाठवणाऱ्याची नाही. म्हणून लिहीत गेले आणि 'लिंच ३'पाशी येऊन थांबले.

'लिंच ३'वर दादानं चार भाग कोंबले होते. त्यातला चौथा म्हणजे पहिल्या पर्वाचा शेवटचा. अगदी अखेरीला तपास अधिकारी कूपर रात्री हॉटेलातल्या आपल्या खोलीत येतो, दारावर टकटक होते, तो दाराकडे जातो, आणि तिथे टेप संपायची. पडद्यावर मुंग्या. पुढचं पार्सल यायला आठ महिने लागले. आठ महिने आमच्या घरात, जेवताना, कपडे वाळत घालताना, झोपायला गादी घालताना, एकच विषय होता: दारात कोण? ताई म्हणायची, ती हॉटेलवाल्याची पोरगी. मी म्हणायचे, ओंडकेवाली बाई, तिला काहीतरी कळलंय. आई म्हणायची, वेटर असेल, बिल घेऊन आला असेल. आम्ही हसायचो. पुढची कॅसेट आली तेव्हा कळलं, दारात बंदूक होती. गोळ्या खाऊन कूपर जमिनीवर पडलेला, आणि त्याच्याकडे खरोखरच एक म्हातारा वेटर दूध आणि बिल घेऊन येतो. रक्तात पडलेला कूपर त्याही अवस्थेत विचारतो, यात तुमची बक्षिशी धरली आहे ना? त्यानंतर आईच्या शब्दाला घरात जे वजन आलं ते अजून आहे.

पत्रात हे लिहिता लिहिता मी सहज पाहिलं, तो टकटकीचा भाग दिग्दर्शित कुणी केलाय. मूळच्या तीस भागांत मार्क फ्रॉस्टनं एकच भाग दिग्दर्शित केला. तो हाच. लिहिलाही त्यानंच.

मी तडक दादाला फोन लावला. तिकडे दुपार होती, तो बागेत काहीतरी खणत होता, फावड्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "दादा, तू नावं का रे कापायचास?"

"म्हणजे?"

"'लिंच ३'वर. सगळीकडेच. नावं का कापलीस?"

तो बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "अगं, टेप तीन तासांची. एकेक भाग पाऊण तासाहून दोन-तीन मिनिटं जास्त. चार भाग बसवायचे तर दर भागाची नावं काढायलाच लागायची. नाही तर चौथा निम्म्यात तुटला असता. काढूनही तो शेवटी थोडा तुटलाच वाटतं. नाही का?"

"दारापर्यंत आला," मी म्हटलं.

"हां. दारापर्यंत आला." फावडं थांबलं होतं. "का गं? आज काय एकदम?"

मी त्याला पत्राचं सांगितलं. मार्क फ्रॉस्टना लिहितेय, दारात कोण यावर आठ महिने घालवले ते लिहितेय, टेपचा हिशोबही लिहू का म्हणून विचारलं. तो हसला.

"लिही की. पण माझं नाव नको घालूस."